गळके छप्पर कोणाचे?

(कोल्हापुरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून पावसाची पहिली झड लागली की एक संवाद दरवर्षी ऐकू येतो. माडीवरचा भाडेकरू जिना उतरून खाली येतो आणि म्हणतो, "काकी, वरनं गळायला लागलंय, बघा की जरा." सोप्यात बसलेली मालकीण उत्तर देते, "बाळा, तुझ्या भाड्यात कौलांची एक खेप तरी येतीया काय?" दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. माडी खरोखरच गळत असते, आणि त्या भाड्यात कौलांची खेप खरोखरच येत नसते. मग भाडेकरू पातेले ठेवतो, प्लॅस्टिकचा कागद आणून वाशांना बांधतो, आणि हा प्रश्न पुढच्या मृगापर्यंत तहकूब होतो. वाडा मात्र तहकूब होत नाही. तो दर पावसाळ्यात थोडा थोडा खचत राहतो.

आजच्या विषयाचे गांभीर्य या तहकुबीत आहे. घरभाड्याच्या प्रश्नावर बोलताना पुरोगामी चळवळीने नेहमी दोन पात्रे समोर ठेवली: शोषण करणारा मालक आणि पिळला जाणारा भाडेकरू. मुंबईतील शेकडो चाळींच्या धनिकांपुढे हे चित्र बरोबर होते. पण शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत किंवा उत्तरेश्वर पेठेत ते जसेच्या तसे लावले, तर आपण कोणाविषयी बोलतो आहोत हेच कळेनासे होते. इथला घरमालक पुष्कळदा त्याच वाड्यात राहतो, त्याच नळाचे पाणी भरतो आणि त्याच जिन्याच्या मोडक्या पायरीवर ठेचकाळतो. तो निवृत्त प्राथमिक शिक्षक असतो, शाहू मिलमध्ये आयुष्य काढलेला कामगार असतो, किंवा नवऱ्यामागे चार खोल्यांच्या भाड्यावर घर चालविणारी विधवा असते. अशा माणसाला भांडवलदार म्हणणे म्हणजे शब्दाची किंमत कमी करणे होय.

एंगेल्सने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना प्रूदोंच्या अनुयायांशी वाद घातला, तो या संदर्भात उपयोगी पडतो. भाडेकरू आणि घरमालक यांचे नाते कामगार आणि भांडवलदार यांच्या नात्यासारखेच आहे, हे म्हणणे त्याने फेटाळून लावले होते. कारखान्यात श्रमशक्ती विकली जाते आणि तेथे नवे मूल्य निर्माण होते. घरभाड्याच्या व्यवहारात आधी निर्माण झालेल्या मूल्याची देवघेव होते. घरमालक निर्दोष आहे असे त्याला म्हणायचे नव्हते. रोग जेथे नाही तेथे शस्त्रक्रिया करू नये, एवढेच त्यातून घ्यायचे आहे.

आता वाड्याकडे पाहू. कोल्हापूरचा जुना वाडा म्हणजे दगडी जोते, त्यावर भेंड्याच्या किंवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, त्यांवर कडीपाट, आणि वर कौलारू छप्पर. पुढे सोपा, मध्ये चौक, मागे परडे. ही रचना तकलादू नाही. शंभर-सव्वाशे वर्षे उभे असलेले वाडे अजून पाहायला मिळतात. परंतु तिची एक अट आहे. तिच्यावर दरवर्षी हात फिरला पाहिजे. उन्हाळ्याच्या अखेरीस शाकारणी झाली पाहिजे, फुटलेली कौले बदलली पाहिजेत, सरकलेली बसविली पाहिजेत, पन्हळीतला पाला काढला पाहिजे. ही कामे एका दिवसाची आहेत. ती चुकली की फुटक्या कौलाखालचा वासा भिजतो, वाशावरून पाणी तुळईच्या टोकाला येते, आणि तुळईचे टोक भिंतीत जेथे बसविलेले असते तेथे मातीत ओल मुरते. ओल आली की वाळवी आली. तुळई मध्यभागी ठणठणीत दिसते आणि भिंतीतल्या टोकाला पोकळ झालेली असते. एका कौलाची किंमत अशा रीतीने दहा वर्षांत एका तुळईची होते, आणि तुळईची किंमत पुढे सबंध खणाची होते.

दुसरी गोष्ट चांगल्या हेतूने होणाऱ्या नुकसानीची. हातात चार पैसे आले की मालक भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतो. दोन वर्षे भिंत झकास दिसते. पण मातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढतच असते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा तिला आत कोंडतो. मग गिलाव्याला पोपडे येतात, तो पत्र्यासारखा सुटून येतो, आणि मागची माती भुसभुशीत झालेली आढळते. चुन्याची घाणी चालविणारे आणि चुन्यात काम करणारे गवंडी आता फार थोडे उरले आहेत, ही यातली खरी अडचण आहे. दुरुस्तीचा प्रश्न केवळ पैशाचा नाही, कारागिराचाही आहे. तुळईला जोड कसा द्यावा आणि खांब न हलविता खालचा कुजलेला भाग कसा बदलावा, हे जाणणारा सुतार म्हातारा झाला आहे, आणि त्याचा मुलगा प्लायवूडचे फर्निचर करतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. फर्निचरचे काम रोज मिळते, तुळईचे काम पाच वर्षांतून एकदा.

मग ही वर्षाची एका दिवसाची कामे का होत नाहीत? येथे कायद्याच्या इतिहासात शिरावे लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकली. त्यातून १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाणभूत भाडे मानण्यात आले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढे हीच चौकट इथल्याही भाडेकरूंच्या वाट्याला आली. हा कायदा नसता तर गिरणी कामगार, कारकून आणि शिक्षक शहरांच्या मध्यवस्तीतून केव्हाच बाहेर फेकले गेले असते. त्याविषयी आज कोणी तुच्छतेने बोलू लागला तर त्याला हे ठणकावून सांगितलेच पाहिजे.

परंतु गोठविलेले भाडे पन्नास वर्षे गोठलेलेच राहिले. सिमेंट, लाकूड, मजुरी, घरफाळा यांपैकी काहीही गोठले नव्हते. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवण काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्याचे सांगितले. जुन्या कायद्याची मुदत लवकरच संपत असल्याने तो रद्द मात्र केला नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून तो अमलात आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी वा त्याहून अधिक भरणा झालेल्या भांडवलाच्या कंपन्या यांचे संरक्षण या कायद्याने काढून घेतले, हे योग्यच झाले. लहान भाडेकरूचे संरक्षण राहिले. प्रमाणभूत भाड्यात पाच टक्के वाढ देण्यात आली आणि पुढे दरवर्षी चार टक्के वाढ करण्याचा हक्क मालकाला मिळाला.

या चार टक्क्यांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. उदाहरणादाखल सहा बिऱ्हाडांचा एक वाडा घेऊ. प्रत्येक बिऱ्हाडाचे जुने भाडे शंभर रुपये धरू. पेठांतून याहून कमी भाडीही होती. पाच टक्के वाढीने ते २००० साली १०५ रुपये झाले. त्यावर दरवर्षी चार टक्के चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी, म्हणजे २०२५ साली, ते सुमारे २८० रुपये होते. सहा बिऱ्हाडांचे मिळून महिन्याला १,६८० आणि वर्षाला सुमारे वीस हजार रुपये. महिन्याची ही रक्कम एक गवंडी आणि त्याच्या हाताखालचा बिगारी यांच्या एक-दोन दिवसांच्या मजुरीत संपते. वर्षाच्या रकमेतून घरफाळा, पाणीपट्टी आणि जिन्यातल्या दिव्याचे बिल गेल्यावर शाकारणीपुरते जेमतेम उरेल. तुळई बदलण्यापुरते तर मुळीच उरणार नाही.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. कायद्याच्या चौदाव्या कलमान्वये, वेगळा करार नसेल तर, घर राहण्याजोग्या स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर भाडेकरू नोटीस देऊ शकतो, आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करून घेऊ शकतो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. आपल्या उदाहरणातील भाडेकरूचे वर्षाचे भाडे ३,३६० रुपये. त्याचा चौथा हिस्सा ८४० रुपये. सहाही बिऱ्हाडे एकत्र आली तरी ५,०४० रुपये. म्हणजे कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली आणि ती पार पाडण्याचे साधन त्याच्या हाती दिले नाही. भाडेकरूला हक्क दिला आणि तो बजावण्याची मर्यादा अशी घातली की त्यातून छपराचा एक कोपरा दुरुस्त व्हावा. भाड्याची पातळी आणि दुरुस्तीची जबाबदारी या दोन गोष्टी एकमेकींकडे न पाहता लिहिल्या गेल्या आहेत.

याच कायद्यात एक तिसरी वाट आहे, आणि ती फारशी कोणी चोखाळत नाही. सत्तर टक्के भाडेकरूंनी लेखी संमती दिली तर इमारतीत सुधारणा किंवा संरचनात्मक बदल करून त्यापोटी भाडे वाढविता येते. वर्षाची वाढ झालेल्या खर्चाच्या पंधरा टक्क्यांच्या आत असावी लागते. मालकावर मुळातच बंधनकारक असलेली साधी दुरुस्ती यात बसत नाही. समजा, सहा बिऱ्हाडांच्या त्या वाड्याचा आढ्यापासून सांगाडा बदलून छप्पर नव्याने उभे केले आणि तीन लाख रुपये खर्च आला. पंधरा टक्क्यांनी वर्षाला ४५,००० रुपये, म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडावर महिन्याला ६२५ रुपये. भाडे २८० वरून ९०५ वर जाईल. एकदम तिप्पट वाढ, असा ओरडा होईल आणि तो समजण्याजोगा आहे. पण त्याच गल्लीत नवी खोली घ्यायला गेलेल्या माणसाला ९०५ रुपयांत कोणी दारातही उभे करणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

सत्तर टक्के संमती मिळत नाही याचे कारण पैसा हे नंतरचे. आधीचे कारण अविश्वास हे आहे. आणि या अविश्वासाला आधार आहे. भाडेकरू जावा म्हणून आढ्याची कौले मुद्दाम काढून ठेवणारे मालक या शहरात झाले आहेत. मनीऑर्डरने पाठविलेले भाडे परत करून थकबाकीचा दावा लावायचा, नळ तोडायचा, संडासाचे दार काढून न्यायचे, हे प्रकार कार्यकर्त्यांना नवे नाहीत. अत्यावश्यक सोयी तोडण्यास कायद्याचे एकोणतिसावे कलम मनाई करते, तरी ते घडतात. उलट बाजूही झाकून ठेवू नये. उपनगरात स्वतःचा फ्लॅट घेऊन पेठेतल्या खोलीला निव्वळ हक्क राखण्यासाठी कुलूप लावून बसलेला भाडेकरू असतो, आणि दोनशे रुपये भाडे देऊन तीच जागा दुसऱ्याला दोन हजाराला देणाराही असतो. भाडेकरूंच्या संघटनांनी अशांची बाजू घेतली, तेथे त्यांनी खऱ्या गरजू भाडेकरूची बाजू दुबळी केली.

एक बदल गेल्या पंचवीस वर्षांत मुकाट्याने झाला, त्याची दखल घेणे जरूर आहे. आज नवी खोली कोणी भाडेकरू म्हणून देत नाही. ती 'लिव्ह अँड लायसन्स'वर, अकरा महिन्यांच्या कराराने दिली जाते. शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतला फौंड्री कामगार, परगावची परिचारिका हे सर्व या अकरा महिन्यांच्या दोरीवर चालतात. मुदत संपली की कलम चोविसाखाली सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज आणि मग बाहेर. परिणामी एकाच वाड्याला दोन चेहरे आले. परड्याकडच्या खोल्यांना फरशी बसली, रंग लागला, स्वतंत्र न्हाणीघर झाले, कारण तेथे बाजारभावाने पैसे येतात. सोप्यावरच्या माडीत जुने बिऱ्हाड राहते, तेथे प्लॅस्टिकचा कागद लोंबतो. ज्याला कायद्याचे संरक्षण आहे त्याला छप्पर नाही, आणि ज्याला छप्पर आहे त्याला संरक्षण नाही. नव्याच्या पिळवणुकीतून जुन्याची सवलत भरून निघते आहे असेही नाही. दोघांचे पैसे एका वाड्याला लागतच नाहीत.

त्यातच पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांवर. सुतारवाडा, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग, कुंभार गल्ली, शाहूपुरीचा सखल भाग या वस्त्यांत पाणी आले. काही ठिकाणी ते दिवसच्या दिवस हलले नाही. मातीची भिंत पाण्यात असताना कित्येकदा उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर, ऊन पडल्यावर, बसते. कारण पायाची माती आधीच विरघळलेली असते आणि बाहेरून मिळणारा पाण्याचा आधार गेलेला असतो. पुरानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात भिंतीला टेकू देण्याचे आणि गिलावा काढून भिंत वाळू देण्याचे काम झाले तर घर वाचते. पण हे काम कोणी करायचे? मालक म्हणतो, भाडेकरूचे सामान आत आहे. भाडेकरू म्हणतो, भिंत मालकाची आहे. आणि पंचनामा करणारा कर्मचारी तिसऱ्याच घरी गेलेला असतो.

पावसाळ्यापूर्वी महापालिकेच्या धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात. तीस वर्षांवरील इमारतींचे संरचनात्मक परीक्षण करून घेण्याची तरतूदही महापालिका कायद्यात आहे. नोटीस हे खरे म्हणजे जीव वाचविण्याचे साधन. व्यवहारात ती दाव्यातला पुरावा बनते. जो मालक वीस वर्षे कौल बदलत नाही तोच नोटिशीची प्रत घेऊन न्यायालयात धावतो, आणि ज्याच्या डोक्यावर तुळई कलली आहे तो भाडेकरू मनाईहुकूम घेऊन त्याच तुळईखाली झोपतो. इमारत पडली तर आपला हक्कही गेला, ही भीती त्याच्या मनात असते. ही भीती आज निराधार आहे, हे घरोघर सांगितले पाहिजे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने जुलै २०१४ मध्ये स्पष्ट केले की इमारत नाहीशी झाल्याने भाडेकरूपण आपोआप संपत नाही. भाड्यात जमिनीचाही अंश असतो. शेजारच्या शहरातला हा निकाल इथल्या गल्ल्यांत फारच थोड्यांना ठाऊक आहे. दुरुस्तीसाठी घर रिकामे करावे लागले तर काम झाल्यावर परत येण्याचा हक्कही कायद्यात आहे. पाडून नवे बांधायचे म्हटले, तर मंजूर नकाशा आणि पैशाची तजवीज आहे याची न्यायालयाने खात्री करून घ्यावी लागते.

मुंबईने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने हाताळला. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला आणि सुमारे साडेएकोणीस हजार इमारती त्याच्या कक्षेत आल्या. १९८६ साली त्यापुढचे पाऊल टाकले गेले: उपकरप्राप्त इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था केली तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन इमारत संपादित करता यावी. मालकांनी त्याला आव्हान दिले, आणि ते प्रकरण तीन दशकांनी नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे आले. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निर्णय झाला की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही घटनेच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदातील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. या निर्णयावर पुष्कळ वाद घालता येईल. कोल्हापूरच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट इतकीच की दुरुस्ती मंडळ आणि उपकर ही व्यवस्था मुंबई बेटाबाहेर कधी आलीच नाही. मंडळाच्या कारभारातील दिरंगाई आणि ठेकेदारी यांवर टीका झाली, ती रास्त होती. पण वाईट चालणारी का होईना, तेथे एक सार्वजनिक यंत्रणा होती. इथे पाटी कोरी आहे.

आणि कोऱ्या पाटीवर बिल्डर लिहितो. डिसेंबर २०२० मध्ये एकीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. जुन्या, भाडेकरू असलेल्या इमारतींच्या पुनर्बांधणीला तिने चटई क्षेत्राची सवलत दिली. पण दीड गुंठ्याच्या, आठ फुटी बोळातल्या वाड्याला त्या सवलतीचा उपयोग काय? शेजारचे चार वाडे एकत्र केल्याशिवाय तेथे इमारत उठत नाही, आणि चार वाडे एकत्र करण्याची ताकद मालकात नसते, भाडेकरूत नसते; ती तिसऱ्यात असते. वाडा जितका मोडकळीला येईल तितका तो त्याला स्वस्त पडतो. मालक आणि भाडेकरू वीस वर्षे एकमेकांविरुद्ध तारखा घेत बसले, की एकविसाव्या वर्षी दोघेही मिळेल त्या किमतीला सह्या करतात. घर दुरुस्त न होण्यात कोणाचा लाभ आहे, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे.

काही कार्यकर्ते विचारतील, मालमत्तेच्या मालकाला मदत करण्याचा आपल्याशी संबंध काय? त्यांनी व्हिएन्नाकडे पाहावे. पहिल्या महायुद्धानंतर तेथील समाजवादी नगरपालिकेने १९२३ पासून गृहकर बसवून कामगारांसाठी प्रचंड वसाहती बांधल्या, हे सर्वांना माहीत असते. त्यामानाने १९२२ चा ऑस्ट्रियाचा भाडे कायदा दुर्लक्षित राहिला. त्या कायद्याने भाड्याची फोड केली. मालकाच्या मालकीपोटी मिळणारे मूळ भाडे नियंत्रित राहिले आणि चलनफुगवट्यात ते जवळजवळ नाममात्र झाले. पण देखभालीचा हिस्सा त्यापासून वेगळा काढला गेला, आणि तो घराच्या देखभालीसाठीच होता. मालकाचा नफा गोठवायचा, पण छप्पर गोठवायचे नाही, हा त्यातला विचार. आपण दोन्ही एका गाठोड्यात बांधली आणि गाठोडेच गोठविले.

तेव्हा मागणी अशी असावी की, राज्याच्या कायद्यात दुरुस्तीचा हिस्सा भाड्यापासून वेगळा करावा, त्याची वेगळी पावती असावी, आणि त्याचा जमाखर्च पाहण्याचा भाडेकरूला हक्क असावा. महापालिकेने दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचा निधी उभारावा; त्याची वसुली घरफाळ्याबरोबर हप्त्यांनी व्हावी. आज लहान मालक बँकेत गेला तर प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचे नाव आणि खाली चौदा वारसांची नोंद. २००५ नंतर मुलींचा हक्क बरोबरीचा झाला, तो न्याय्यच, पण सह्यांसाठी इचलकरंजीपासून पुण्यापर्यंत फिरावे लागते. बँक नाही म्हणते, मग पतसंस्थेच्या व्याजाला तो जातो किंवा जातच नाही. घरफाळ्यावर बोजा चढविलेल्या कर्जाला वारसांचा हा गुंता आड येणार नाही, अशी नियमांची रचना करणे अशक्य नाही. निवृत्तिवेतनावरच्या एकट्या म्हातारीला वाढीव हिस्सा झेपणार नसेल, तर तो महापालिकेने भरावा. अशा घरांची संख्या गल्लीतल्या कार्यकर्त्याला बोटांवर सांगता येते.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. सत्तर टक्के संमतीची वाट आजही खुली आहे. संमतिपत्रातच लिहून घ्यावे की खर्च वसूल झाल्यावर वाढीव रक्कम बंद होईल. वर्षाला पंधरा टक्के म्हणजे पावणेसात वर्षांच्या आत मुद्दल फिटते. पैसे मालकाच्या हाती न देता, मालक आणि दोन भाडेकरू यांच्या सहीने गवंड्याला आणि कौलवाल्याला द्यावेत. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे माप, तीत राहणाऱ्याचे नाव आणि भाडे यांचा तक्ता करून सर्वांनी सह्या कराव्यात, म्हणजे काम चालू असताना कोणी चार दिवस नातेवाइकांकडे गेला तरी त्याच्या हक्काविषयी वाद उरणार नाही. ज्यांचे दावे चालू आहेत त्यांनी हाच तक्ता न्यायालयात तडजोड म्हणून दाखल करावा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते. दावा वरपर्यंत गेला तर मुंबईच्या खेपा वाचल्या, पण खालच्या न्यायालयातली वर्षे त्याने वाचत नाहीत.

कामाचा क्रम गवंड्याला विचारून ठरवावा, बिल्डरला विचारून नव्हे. आधी छप्पर आणि पन्हळी, मग तुळयांची भिंतीतली टोके, मग जोत्यालगतची ओल. रंग आणि फरशी सर्वांत शेवटी. तुळईचे टोक ठोकून पाहिल्याशिवाय तिच्यावर नवे छप्पर चढवू नये. पुराच्या पट्ट्यातील भिंतींना खालच्या पाच-सहा फुटांत सिमेंट लावू नये. शाकारणीला माणूस मिळतो तो होळीपासून वळवापर्यंत. त्यानंतर सबंध गावाला तो एकाच आठवड्यात हवा असतो आणि दुप्पट मजुरी मागतो. म्हणून पेठनिहाय वाड्यांची पाहणी दिवाळीनंतर लगेच सुरू करावी. पहिली पाहणी शुक्रवार पेठेच्या नदीकडच्या गल्ल्यांत व्हावी. तिला प्रत्येक वाड्यातून एक मालकाचा आणि एक भाडेकरूचा माणूस बरोबर घ्यावा, आणि शिडी मालकाने द्यावी.